शेकाचे किरण आणि अणूचें अंतरंग



यंदाच्या वार्षिकासाठीं शास्त्रीय विषयावर कांहीं लिहून द्यावें, असें संपादक-मंडळानें मला सांगितलें, तेव्हां विषयाच्या शोधार्थ मला दूर जावें लागलें नाहीं. तो आपण होऊन माझ्या दारीं आला होता. गेल्या श्रावणांत एका सायंकाळीं आपल्याच शाळेंतील नववीच्या एका विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले. ओट्यावर टेकले, पाणी घेतलें, पावसापाण्याच्या चार गोष्टी झाल्या. तरी मुख्य बोलणें कांहीं निघेना. अखेर मान खालीं घालून ते म्हणाले, "गुरुजी, पोराच्या आईला शेक दिलेत. परवा घरी आणली. त्या किरणांचं इख अंगात ऱ्हातं, जवळ जाऊ नका, असं भावकीतले म्हणतेत. पोराला तिच्यापाशी निजू द्यावं का न्हाई?"

कर्करोगावर किरणांचा जो उपचार करतात, त्यास आपल्या भागांत लोक 'शेक' म्हणतात. ह्या बाईंना मोठ्या शहरीं नेऊन पांच-सहा आठवडे तो उपचार देण्यांत आला होता. दुखण्याशीं झगडून त्या घरीं आल्या, तों त्यांचें अंथरूण पडवींत गेलें, ताट-तांब्या वेगळा झाला, आणि मुलें उंबऱ्याआडून त्यांच्याकडे पाहूं लागलीं. मधल्या सुट्टींत ह्या मुलाच्या भाकरीस त्याचे सोबती हात लावीत नाहींत, हें त्यापूर्वींच माझ्या दृष्टीस पडलें होतें. परंतु त्याचें कारण मीं विचारलें नव्हतें, ह्याची त्या दिवशीं मला लाज वाटली.

मीं उत्तर दिलें, "खुशाल निजूं द्या. त्यांच्या अंगांत किरण उरलेले नाहींत." परंतु 'गुरुजी म्हणतात' एवढ्यावर भीति जात नाहीं, आणि जाऊंही नये. भीतीला कारणाचें उत्तर द्यावें लागतें. तें कारण अणूच्या पोटांत आहे. म्हणून प्रथम आपण तेथें जाऊं.

सोन्याचा एक कण घेतला आणि त्याचे तुकडे करीत गेलों, तर शेवटीं अशी एक पायरी येते कीं, त्यापुढें तुकडा केल्यास तें सोनें राहत नाहीं. त्या शेवटच्या कणास अणु म्हणतात. एक सेंटिमीटर लांबीच्या रेषेंत सोन्याचे अणु शेजारीं शेजारीं मांडले, तर सुमारें साडेतीन कोटी मावतील. ह्या इवल्या वस्तूच्या आंत आणखी कांहीं असेल, हें पुष्कळ काळ कोणास खरें वाटलें नव्हतें. १८९७ सालीं इंग्लंडांत जे. जे. टॉमसन ह्यांनीं अणूहूनही फार हलके, ऋण विद्युत् असलेले कण दाखवून दिले. तेच इलेक्ट्रॉन. मग त्यांचें ऋणत्व फेडणारी धन विद्युत् कोठें आहे? टॉमसन ह्यांना वाटलें कीं, लाडवांत बेदाणे रुतलेले असावेत, तसे धन विद्युतेच्या गोळ्यांत इलेक्ट्रॉन रुतलेले असतील.

ह्या लाडवाची परीक्षा मँचेस्टर येथें रदरफर्ड ह्यांच्या प्रयोगशाळेंत झाली. १९०९ सालीं गायगर व मार्सडन ह्यांनीं सोन्याच्या अतिशय पातळ वर्खावर आल्फा नांवाचे वेगवान कण सोडले. बहुतेक कण वर्ख नसल्यासारखे सरळ पार गेले. परंतु सुमारें आठ हजारांत एखादा कण भिंतीवर आपटलेल्या चेंडूप्रमाणें मागें उसळला! लाडवांतून असें होणें शक्य नव्हतें. १९११ सालीं रदरफर्ड ह्यांनीं निर्णय सांगितला: अणूची सर्व धन विद्युत् आणि जवळ जवळ सर्व वजन मध्यभागीं एका सूक्ष्म बिंदूंत एकवटलेलें आहे. ह्या बिंदूस केंद्रक म्हणतात. सोन्याचा अणु एक किलोमीटर रुंदीच्या शिवाराएवढा कल्पिला, तर त्याचें केंद्रक मधोमध ठेवलेल्या लिंबाएवढें भरेल. बाकीच्या शिवारांत इलेक्ट्रॉनांचा वावर. एरवीं सगळें मोकळें रान.

ह्या केंद्रकांत दोन प्रकारचे कण असतात. धन विद्युत् असलेले ते प्रोटॉन, आणि विद्युत् मुळींच नसलेले ते न्यूट्रॉन. न्यूट्रॉनांचा शोध चॅडविक ह्यांनीं १९३२ सालीं लाविला. प्रोटॉनांची संख्या हेंच मूलद्रव्याचें कुळ होय. एक प्रोटॉन असेल तर हायड्रोजन, सहा असतील तर कार्बन, चौदा असतील तर सिलिकॉन, सत्तावीस असतील तर कोबाल्ट, एकोणऐंशी असतील तर सोनें, ब्याण्णव असतील तर युरेनियम. न्यूट्रॉनांची संख्या मात्र एकाच कुळांत कमीजास्त असूं शकते. अशा भावंडांना समस्थानिक म्हणतात. त्यांचे रासायनिक गुण सारखे, पण वजन वेगळें.

आतां एक शंका तुमच्या मनांत यावी. सजातीय विद्युत् एकमेकींस दूर लोटते, असें आपण वर्गांत शिकलों. मग इतके प्रोटॉन इतक्या अरुंद जागेंत एकत्र कसे नांदतात? त्यांना बांधून ठेवणारें एक अतिशय प्रबळ बल केंद्रकांत असतें. मात्र त्याची पोंच अगदीं जवळच्यापुरतीच असते. न्यूट्रॉनांचें प्रमाण योग्य असेल तर ही वीण घट्ट बसते. तें बिघडलें कीं केंद्रक अस्वस्थ होतें आणि कांहीं तरी बाहेर टाकून स्वस्थ होऊं पाहतें. ह्यालाच किरणोत्सर्ग म्हणतात. १८९६ सालीं बेकरेल ह्यांना युरेनियमच्या क्षारांत तो प्रथम आढळला. १८९८ सालीं मेरी व पियेर क्युरी ह्या दांपत्यानें पोलोनियम व रेडियम हीं किरणोत्सर्गी मूलद्रव्यें शोधून काढलीं. बाहेर पडणारे किरण मुख्यत्वें तीन प्रकारचे. आल्फा कण साध्या कागदानें अडतात. बीटा कण म्हणजे केंद्रकांतून निघालेले इलेक्ट्रॉन. त्यांना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा पुरतो. गॅमा किरण हे प्रकाशाच्याच जातीचे, पण फार प्रखर. त्यांना रोखण्यास शिशाचा जाड ठोकळा किंवा काँक्रीटची रुंद भिंत लागते.

शेकासाठीं पुष्कळ वर्षें जें द्रव्य वापरण्यांत आलें, आणि आजही अनेक रुग्णालयांत वापरतात, तें कोबाल्ट होय. खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टच्या केंद्रकांत २७ प्रोटॉन व ३२ न्यूट्रॉन असतात, बेरीज ५९. हा स्वभावानें शांत. त्यास आणखी एक न्यूट्रॉन चारला कीं तो कोबाल्ट-६० होतो व त्याची शांति ढळते. मग त्यांतील एका न्यूट्रॉनाचें प्रोटॉनांत रूपांतर होऊन एक बीटा कण बाहेर पडतो. २८ प्रोटॉनांचें झालेलें तें केंद्रक आतां कोबाल्टचें राहत नाहीं; तें निकेलचें झालेलें असतें. आणि जातां जातां तें दोन गॅमा किरण सोडतें. रोगाच्या गांठीवर धरतात ते हेच गॅमा किरण.

ह्या रूपांतराचा एक नियम ध्यानांत ठेवा. अमुक एका अणूचा क्रम केव्हां येईल, हें कोणासही सांगतां येत नाहीं. पण समुदायाचा हिशेब चुकत नाहीं. कोबाल्ट-६० चे जितके अणु असतील, त्यांतील निम्मे सुमारें पांच वर्षें तीन महिन्यांत निकेल होऊन जातात. ह्या काळास अर्धायुष्य म्हणतात. साडेदहा वर्षांनीं चौथाई उरते, पावणेसोळा वर्षांनीं अष्टमांश. म्हणूनच कोबाल्ट जुना होत जातो तसतसा रुग्णास यंत्राखालीं अधिक वेळ ठेवावा लागतो, आणि कांहीं वर्षांनीं नवा कोबाल्ट बसवावा लागतो.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळूं. मीं घरांतून हळदीची वाटी आणविली आणि ओट्यावरचा दिवा लावला. त्यांच्या हातावर दिव्याचा उजेड पडला. मग दिवा मालवून विचारलें, "आतां हाताला उजेड लागून राहिला आहे काय?" ते हसले. नंतर त्यांच्या बोटांस हळद लाविली आणि म्हटलें, "आतां तुम्ही ज्याला शिवाल त्याला ती लागेल." किरणोत्सर्गाच्या भीतींत ह्या दोन गोष्टींची गल्लत होते. किरण अंगावर पडणें हें उजेड पडण्यासारखें आहे. किरणोत्सर्गी द्रव्य अंगास लागणें किंवा पोटांत जाणें हें हळद लागण्यासारखें आहे. शेकाच्या यंत्रांत कोबाल्ट जाड धातूच्या कवचांत बंद असतो. ठरलेल्या वेळीं झडप उघडते, किरण गांठीवर पडतात, कांहीं मिनिटांत झडप मिटते. कोबाल्टचा एक कणही रुग्णाच्या अंगास लागत नाहीं. आजकाल पुष्कळ ठिकाणीं विजेवर चालणारें यंत्र असतें. तें बंद करतांच किरणही थांबतात.

"पण तवा चुलीवरून उतरला तरी तापलेला राहतोच कीं!" असें त्यांनीं विचारलें. प्रश्न मोठा मार्मिक होता. गॅमा किरण शरीरांत शिरल्यावर त्यांतील कांहीं आरपार जातात. कांहींची शक्ति शरीरांतील अणूंचे इलेक्ट्रॉन उखडण्यांत तत्क्षणीं खर्च होते. उखडलेल्या इलेक्ट्रॉनांमुळें पेशींच्या आंतील वंशसूत्रें तुटतात. भराभर वाढणाऱ्या रोगट पेशींना ही मोडतोड दुरुस्त करणें निरोगी पेशींपेक्षां अवघड जातें. म्हणून त्या मरतात. हा सर्व झगडा इलेक्ट्रॉनांच्या मोकळ्या शिवारांत चालतो. शरीरांतील केंद्रकांना अस्वस्थ करण्याइतकी शक्ति कोबाल्टच्या ह्या किरणांत नसते. आणि केंद्रक अस्वस्थ झाल्याखेरीज वस्तु किरणोत्सर्गी होत नाहीं. शेकानंतर कातडी काळवंडते, थकवा येतो; तो झालेल्या मोडतोडीचा परिणाम आहे, आंत राहिलेल्या किरणांचा नव्हे. तो थकवा दुसऱ्यास लागत नाहीं. अशा वेळीं माणसास माणसें जवळ हवीं असतात.

त्यांची आणखी एक शंका होती. "मग शेक देणारा माणूस खोलीबाहेर का पळतो?" तो पळत नाहीं, नियम पाळतो. रुग्णास किरणांपासून लाभ आहे, म्हणून तेवढ्यापुरते ते सोसावयाचे. यंत्र चालविणारा मात्र रोज अनेकांना, वर्षानुवर्षें, उपचार देतो. त्याला लाभ कांहीं नाहीं आणि थोडें थोडें करून भरपूर सांचेल. म्हणून तो जाड भिंतीपलीकडून पाहतो, आणि किती किरण अंगावर आले हें मोजणारा बिल्ला छातीवर लावतो.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. सर्वच उपचार बाहेरून होत नाहींत. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या कांहीं रोगांत किरणोत्सर्गी आयोडीन पोटांत देतात. त्याचें अर्धायुष्य सुमारें आठ दिवसांचें असतें. ही हळद पोटांत घेण्यासारखी गोष्ट झाली. म्हणून अशा रुग्णास कांहीं दिवस मुलांपासून व गरोदर स्त्रियांपासून दूर राहण्यास सांगतात, आणि तें पाळावें. कांहीं उपचारांत किरणोत्सर्गी द्रव्य थोडा वेळ किंवा अधिक काळ शरीराच्या आंत ठेवतात. तेथेंही डॉक्टरांचें सांगणें प्रमाण मानावें. 'आमच्या माणसाचा उपचार बाहेरून आहे कीं आंतून?' एवढा एक प्रश्न प्रत्येक कुटुंबानें डॉक्टरांस विचारावा. पुष्कळ भीति तेथल्या तेथें विरेल.

कोबाल्टला तो जास्तीचा न्यूट्रॉन कोण चारतो? अणुभट्टी. १९३८ च्या अखेरीस जर्मनींत हान व स्ट्रासमन ह्यांना असें आढळलें कीं, न्यूट्रॉनाच्या आघातानें युरेनियममधून बेरियमसारखें हलकें मूलद्रव्य निर्माण होतें. केंद्रकाचे दोन तुकडे होतात, हा त्याचा अर्थ लिझ माइटनर व ओटो फ्रिश ह्यांनीं उलगडला. अशा एका भंगानें मिळणारी ऊर्जा कोळशाचा एक अणु जळून मिळणाऱ्या ऊर्जेच्या कोट्यवधि पट असते. शिवाय दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात, ते पुढचीं केंद्रकें फोडतात, आणि सांखळी सुरू होते. ती मोकाट सोडली तर बाँब होतो. १९४५ च्या ऑगस्टांत हिरोशिमा व नागासाकी हीं शहरें त्यानें भस्म केलीं. तीच सांखळी न्यूट्रॉन शोषणाऱ्या दांड्यांनीं आवरून धरली, तर अणुभट्टी होते.

आपल्या महाराष्ट्रांत ही विद्या डॉ. होमी भाभा ह्यांच्या पुढाकारानें आली. त्यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईजवळ तुर्भें येथें १९५६ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ४ तारखेस 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. आशिया खंडांतील अगदीं आरंभीच्या अणुभट्ट्यांपैकीं ती एक. १९६६ सालीं भाभा विमान-अपघातांत वारले. पुढील वर्षीं तेथील संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें. ह्याच भाभा अणुसंशोधन केंद्रानें शेकाचें 'भाभाट्रॉन' हें स्वदेशी यंत्र तयार केलें. कोबाल्ट-६० आपल्या देशांतच, राजस्थानांतील रावतभाटा येथील अणुभट्ट्यांत, बनविलेला आहे. १९६९ सालीं तारापूर येथें देशांतील पहिलें अणुवीज केंद्र वीज देऊं लागलें. परळीस कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात व तिनें चक्र फिरवितात. तारापुरास वाफ करण्याचें तेंच काम केंद्रकांच्या भंगाची उष्णता करते. चक्र आणि वीज दोहींकडे सारखींच.

शेतकऱ्याच्या घरींही हें कोबाल्ट उपयोगी पडतें. नाशिक जिल्ह्यांत लासलगांव येथें कोबाल्टचे किरण देऊन कांद्यास कोंब येणें थांबविण्याचें केंद्र आहे. तेथून किरण दिलेले आंबे २००७ सालीं अमेरिकेसही गेले. तो कांदा, तो आंबा माणसें खातात, आणि किरण त्यांत उरत नाहींत. उजेड दाखविलेल्या कांद्यास भिऊं नये, तर उजेड दाखविलेल्या आईस कां भ्यावें?

परंतु ज्ञानानें भीति जावी, सावधपणा जाऊं नये. १९८६ सालीं चेर्नोबिल व २०११ सालीं फुकुशिमा येथील अपघातांत किरणोत्सर्गी आयोडीन व सीझियम हवेंत व मातींत पसरलें. हजारों लोकांना घरेंदारें सोडावीं लागलीं. ती हळद उधळल्याची गोष्ट होती. २०१० सालीं दिल्लींतील मायापुरीच्या भंगार-बाजारांत जुन्या यंत्रांतला कोबाल्ट-६० येऊन पडला. कामगारांनीं तें अनोळखी यंत्र फोडलें; कित्येक आजारी पडले, एकाचा प्राण गेला. मुलांनो, पिवळ्या रंगावर मध्यें एक टिंब व भोंवतीं तीन पाकळ्या, असें चिन्ह कोठें दिसलें तर त्या वस्तूस हात लावूं नका, फोडूं तर मुळींच नका. मोठ्या माणसांस सांगा.

इतका वेळ आपण केंद्रकांत वावरलों. आतां शिवाराच्या कडेला, अगदीं बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपाशीं, क्षणभर थांबूं, कारण ते गृहस्थ जातांना खिशांतील फोन काढून म्हणाले, "आणि ह्याचे किरण, गुरुजी?"

तांब्याच्या अणूंतील बाहेरचे इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात. म्हणून तें विजेचें वाहक. कांचेंतील इलेक्ट्रॉन जखडलेले. म्हणून ती विसंवाहक. ह्या दोहोंमध्यें सिलिकॉन आहे. वाळूंत प्राणवायूशीं संयुक्त झालेलें हें द्रव्य विपुल आहे. त्याच्या १४ इलेक्ट्रॉनांपैकीं बाहेर चार असतात. प्रत्येक अणु ह्या चार हातांनीं चार शेजाऱ्यांचे हात धरून उभा असतो. थोडी उष्णता किंवा प्रकाश मिळाला कीं एखादा इलेक्ट्रॉन सुटतो व मागें रिकामी जागा राहते. पंगतींत एक पाट रिकामा झाला आणि शेजारचा तेथें सरकला, कीं रिकामी जागा पलीकडे सरकते. तशी ही जागाही फिरते आणि धन विद्युतेसारखी वागते. अशा द्रव्यास अर्धवाहक म्हणतात. तापविल्यानें तांब्याची वाहकता घटते, अर्धवाहकाची वाढते, ही ह्यांची खूण.

सिलिकॉनमध्यें पांच हातांचा फॉस्फरस लाखों अणूंमागें एक ह्या प्रमाणांत मिसळला, तर जास्तीचे इलेक्ट्रॉन मिळतात. तीन हातांचा बोरॉन मिसळला, तर जास्तीच्या रिकाम्या जागा मिळतात. हे दोन थर एकमेकांस जोडले कीं सांध्यापाशीं एक अदृश्य उतार तयार होतो, आणि वीज एकाच दिशेनें सहज वाहते. हा डायोड. १९४७ सालीं अमेरिकेंत बार्डीन व ब्रॅटन ह्यांनीं अर्धवाहकाचा ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. लहान विद्युत्प्रवाहानें मोठा आवरणारी ही किल्ली. तुमच्या फोनमध्यें अशा अब्जावधि किल्ल्या आहेत. त्याच सांध्यावर सूर्यप्रकाश पडला कीं सुटलेले इलेक्ट्रॉन त्या उतारावरून एका बाजूस घरंगळतात व वीज मिळते. विहिरीवरील सौरपंपाची काळी-निळी पाटी ती हीच. तिच्या एका चौकोनास जेमतेम अर्धा व्होल्ट दाब मिळतो. म्हणून पुष्कळ चौकोन सांखळीनें जोडतात.

आतां फोनचें उत्तर. सूर्यप्रकाशाच्या एका कणांत सिलिकॉनचा एक इलेक्ट्रॉन सोडविण्यापुरती शक्ति असते. कोबाल्टच्या एका गॅमा कणांत तिच्या सुमारें पांच लाख पट शक्ति असते; म्हणून तो वंशसूत्रें तोडूं शकतो. फोनच्या लहरींच्या कणांत सूर्यप्रकाशाच्या कणाहूनही हजारों पटींनीं कमी शक्ति असते. अणूंतून इलेक्ट्रॉन उखडणें तिच्या आवांक्यांत नाहीं. 'किरण' हा शब्द एक, पण आंतील शक्तीचें अंतर एवढें! शब्दास भिण्यापूर्वीं शक्ति मोजावी, हेंच शास्त्राचें शिकविणें.

दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर मी त्या मुलाबरोबर त्याच्या घरीं गेलों. पडवींत त्या बाई बसल्या होत्या. "ताई, चहा तुमच्या हातचा घेईन," असें मीं म्हटलें. त्या उठल्या, चुलीपाशीं गेल्या आणि चहा करून घेऊन आल्या. मुलाच्या आजी दारांतून पाहत होत्या. मीं बशी तोंडास लावली, तेव्हां त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण सुनेचें अंथरूण आपल्या हातांनीं उचलून त्यांनीं आंत नेलें. अणूविषयीं मीं जें आदल्या दिवशीं सांगितलें, त्याचा अर्धा भाग त्या गृहस्थांच्या ध्यानीं राहिला असेल, नसेल. बाईंची प्रकृति पुढें कशी राहील, तें डॉक्टर पाहतील. मुलगा मात्र आतां आईजवळ निजतो.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेंत तुम्ही केंद्रक, समस्थानिक, अर्धायुष्य ह्यांच्या व्याख्या लिहाल व गुण मिळवाल, मिळवाच. परंतु ही विद्या घरीं घेऊन जा. तुमच्या आळींत कोणी शेक घेऊन आलें असेल, तर त्याच्या घरीं जा, त्याच्या पंक्तीस बसा. आणि मधल्या सुट्टींत कोणाची भाकरी एकटी राहत असेल, तर तिच्यांतला एक घांस मागून घ्या.